श्वासाचा शेजारी

आमच्या हेब्बाळपेठेत खोकल्याला कोणी आजार म्हणत नाही. मिरचीचं गाव आहे. पौषात सौदे सुरू झाले की रस्त्यावरचं कुत्रंसुद्धा शिंकत जातं. बाहेरचा माणूस ओळखायचा तो सारखा डोळे पुसतो यावरून, आणि पेठेतला माणूस ओळखायचा तो खोकता खोकता भाव सांगतो यावरून. त्यामुळे आमचे शेठ वर्षभर खोकत होते तेव्हा गावाला वाटलं, यंदा धंदा जोरात आहे.

शेठ म्हणजे माझे यजमान, मल्लिकार्जुन बेळगुद्री, मिरचीचे अडते. शेतकऱ्याचा माल आपल्या दुकानी उतरवून घ्यायचा आणि खरेदीदाराला विकून द्यायचा हे त्यांचं काम. मी शैलजा. जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवत होते, आता निवृत्त झाले. कोणालाही काहीही समजावून सांगायची मला सवय आहे, आणि शेठना काहीही समजावून सांगता येत नाही हेही माझं तोंडपाठ आहे.

खोकला राहू द्या, पण पुढे त्यांच्या रुमालावर लाल डाग दिसायला लागले. मी विचारलं तर म्हणाले, मिरचीचा रंग आहे, दिवसभर पोत्यात हात असतो. दुकानातली चार माणसंही म्हणाली, रंगच आहे, आमच्याही रुमालाला लागतो. सगळे खरंच बोलत होते. पण ते रुमाल मी धुते. मिरचीचा डाग साबणाने नारिंगी होतो आणि उन्हात उडून जातो. हा डाग दोरीवर वाळून तपकिरी झाला. मी दुसऱ्याच दिवशी शेठना गाडीत घातलं आणि मिरजेला नेलं. मार्केट बुडतंय म्हणून ते वाटभर माझ्यावर चिडले होते, पण चिडायलाही त्यांना दोन दोन शब्दांवर थांबावं लागत होतं.

मिरजेच्या इस्पितळातल्या डॉ. रुक्साना मुजावर माझ्या मुलापेक्षा थोड्याच मोठ्या. त्यांनी आधी सांगितलं की टीबी आहे, जुना आहे, चारपाच वर्षं आतल्या आत धुमसत असणार. शेठना हायसं वाटलं. गोळ्या सुरू झाल्या. काही आठवड्यांत ताप गेला, थुंकीतून जंतू बाहेर पडणं थांबलं, वजनही थोडं वाढलं. छातीच्या फोटोतल्या सावल्या फिकट झाल्या, पण उजव्या बाजूची एक सावली हटेना. तिचा तुकडा काढून तपासला तेव्हा तो कॅन्सर निघाला. टीबीच्या आडोशाला बसून तो इतके दिवस वाढत होता.

हे दोन्ही एकाच छातीत असलं म्हणजे काय होतं, ते मला डॉक्टरांनी दोन वेळा सांगितलं आणि मी शेठना पाच वेळा. क्षयाचा जंतू आत शिरला की अंगातल्या पहारेकरी पेशी त्याच्यावर धावून जातात. मारता आला नाही तर त्याच्याभोवती कुंपण घालून बसतात. पुष्कळ माणसांचं आयुष्य त्या कुंपणाच्या भरवशावर निघून जातं आणि त्यांना पत्ताही नसतो. कॅन्सरची गाठ मात्र आपल्याच पेशींची. पहारेकरी तिला घरातलीच समजतात, आणि ती त्यांना गुंगी आणते. आता केमो द्यावी तर पहारेकरी लुळे पडतात, कुंपण मोडतं आणि टीबी उसळतो. पहारेकऱ्यांची गुंगी उतरवणारं औषध द्यावं तर ते आधी टीबीवरच तुटून पडतात, आणि त्या हाणामारीत फुप्फुसाची चाळण होते. टीबी पूर्ण बरा होईतो थांबावं तर गाठ थांबायला तयार नसते.

"मग?" शेठनी विचारलं.

तर डॉक्टर म्हणाल्या की पाच वर्षांपूर्वी मी यावर काही बोलले नसते, पण आता सोबती पेशी आहेत.

हा शोध मला फार आवडला, म्हणून नीट सांगते. पेशंटच्या सहवासात एखादा असा माणूस असतो, की ज्याने वर्षानुवर्षं पेशंटच्याच हवेत श्वास घेतला, पेशंटचाच जंतू ज्याच्या अंगात गेला, आणि तरी जो एक दिवसही आजारी पडला नाही. त्याच्या पहारेकऱ्यांना हा नेमका जंतू पक्का ठाऊक असतो आणि आरडाओरडा न करता त्याला कुंपणात ठेवायची कलाही जमलेली असते. त्या पेशी काढून घ्यायच्या. परक्या म्हणून पेशंटच्या अंगाने त्यांना हाकलू नये यासाठी त्यांच्यावरची ओळखखूण पुसायची. मग त्यांना प्रयोगशाळेत दुसरा धडा शिकवायचा, की ही बघा गाठ, हिला ओळखा. अशा पेशी शेठच्या छातीत गेल्या की एकीकडे टीबीचं कुंपण सांभाळतील आणि दुसरीकडे गाठ पोखरतील. पण तो माणूस सापडायला हवा, आणि लवकर. कारण घरच्यादारच्या लोकांना टीबी होऊ नये म्हणून गोळ्या द्यायच्याच असतात, आणि त्या सुरू झाल्या की ह्या पेशी सुस्तावतात.

तो माणूस शोधायला रक्ताच्या थेंबाची एक चाचणी असते. तुमच्या पेशींना पेशंटचा जंतू किती ओळखीचा आहे, ते ती शंभरपैकी आकड्यात सांगते. तिला लोक श्वासमेळ म्हणतात. पुण्यात तर निरोगी माणसंही घशातल्या साध्यासुध्या जंतूंवर असलीच चाचणी करून घेतात, लग्नाआधी आणि घटस्फोटाआधी. आमचा मुलगा शिवतेज सांगत होता, त्याच्या ऑफिसात एकाचा मेळ बायकोपेक्षा दुसऱ्याच बाईशी जास्त निघाला आणि घरी रणकंदन झालं. ती बिचारी फक्त शेजारच्या टेबलावर बसायची.

मी हसले होते. मग माझा आकडा आला. नऊ.

बत्तीस वर्षं संसार केला, शंभरात नऊ. डॉक्टर म्हणाल्या की हे चांगलंच आहे, तुमच्या अंगात जंतू फारसा गेला नाही. चौथीत नऊ मार्क पडलेल्या मुलाला मी ज्या आवाजात समजवायचे, त्याच आवाजात त्या मला समजावत होत्या. खरं म्हणजे मला कारण माहीत होतं. शेठ घोरतात, म्हणून मी कैक वर्षं मागच्या खोलीत निजते. ते उजाडायच्या आत पेठेत जातात, जेवायला येतात तेव्हा फोनवर असतात, आणि रात्री मी त्यांना ताट वाढून मालिका बघायला बसते. आमचं भांडण कधी नव्हतं. फक्त एका हवेत बसायला वेळ झाला नव्हता. शिवतेजचा आकडा चार आला आणि त्यालाही वाईट वाटलं.

मग आरोग्य खात्याची माणसं पेठेत गेली. टीबीचा पेशंट निघाला की आसपासच्यांना तपासायचंच असतं. शेठचं नाव त्यांनी घेतलं नाही, पण पेठेला नाव सांगावं लागत नाही. सगळ्यांच्या बोटाला सुई टोचून झाली आणि आठवड्यात डॉक्टरांनी आम्हा दोघांना बोलावलं. त्यांचा चेहरा उजळला होता. एका माणसाचा आकडा इतका वर गेला होता, की यंत्र बिघडलं की काय म्हणून त्यांनी चाचणी पुन्हा केली. ब्याऐंशी. माणूस ठणठणीत. आपलं नाव कळवायला त्याची हरकत नव्हती.

रावसाहेब घुगरे.

शेठनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मला मात्र हसू आवरेना, आणि हसता हसता रडूही येत होतं. कारण रावसाहेब आणि शेठ गेली दहा वर्षं एकमेकांशी एक शब्द बोललेले नाहीत.

त्याआधी दोघांची ताटं एकत्र असायची. भांडण झालं ते म्हशीवरून. आमच्याकडे दिवाळीच्या पाडव्याला म्हशी सजवतात, शिंगं रंगवतात, मोरपिसं बांधतात आणि मालकाच्या हाकेसरशी त्यांना पळवतात. त्या वर्षी शेठ परीक्षक होते. रावसाहेबांची लक्षी सगळ्यांच्या पुढे होती, पण वळणावर थांबून तिने कोणाच्या तरी दारचं झेंडूचं तोरण खाल्लं. शेठनी तिला दुसरा नंबर दिला. रावसाहेबांचं म्हणणं, ती थांबली नाही, चालता चालता खाल्लं. तिथून जे बोलणं तुटलं ते तुटलंच.

आता तुम्ही म्हणाल, बोलणं नाही तर ब्याऐंशी कुठून आले. तर टॉवेलातून. शेठ पेठेतले मोठे अडते आणि रावसाहेब सगळ्यात मोठे खरेदीदार, तेव्हा एकमेकांवाचून दोघांचं चालत नाही. आणि आमच्याकडे चांगल्या मालाचा सौदा तोंडाने होत नाही. दोघं पोत्यांच्या थप्पीआड गुडघ्याला गुडघा लावून बसतात, हातांवर टॉवेल टाकतात आणि खालून बोटं दाबून भाव ठरवतात. किती बोटं धरली, कुठल्या पेरावर दाबली, त्यावरून आकडा. या पद्धतीवर बंदी आहे. संगणकावरचा लिलाव येऊन कैक वर्षं झाली. त्याने एवढाच फरक पडला, की टॉवेल मोठा झाला. आता दोघं डोक्यावरूनच टॉवेल ओढून घेतात, म्हणजे कॅमेऱ्यात काही दिसू नये. हंगामात रोज तासन्‌तास, एकाच टॉवेलात, नाकाला नाक लावून हे दोन अबोल वैरी एकमेकांचा श्वास घेत बसले होते. मी नऊवर आणि रावसाहेब ब्याऐंशीवर होते ते असे.

डॉक्टरांनी हळूच पुढचं सांगितलं. रावसाहेबांनी निरोप दिला होता, की मागितलं तर देईन, पण मागायला पाहिजे.

"मागणार न्हाई," शेठ म्हणाले.

मी समजावलं. शिवतेजने फोनवरून समजावलं. शेठ म्हणाले, जन्मभर मी शेतकऱ्याच्या मालाला भाव मागितला, स्वतःला काही मागितलं नाही, आणि त्या माणसापुढं तर हात पसरणार नाही. डॉक्टरांनी बजावलं होतं की रावसाहेबांच्या गोळ्या फार तर आठवडाभर लांबवता येतील, त्याहून जास्त थांबवणं त्यांच्या जिवाशी खेळ होईल. आठवडा सरत चालला. शेठना आता इस्पितळातच ठेवून घेतलं होतं; कॉटवर बसून ते मोबाइलवर मिरचीचे भाव बघत होते आणि मला त्यांचा इतका राग येत होता, की काळजी करायलाही जागा उरली नव्हती.

शेवटी मी गाडी काढून पेठेत गेले. रावसाहेब दुकानात एकटेच होते. मला बघून उठून उभे राहिले, वैनी म्हणून खुर्ची दिली, चहा सांगितला. मी सांगितलं की मी मागायला आलेय. त्यांनी चहाचा कप माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाले, "वैनी, तुमी मागून उपेग न्हाई. तुमचं माझं काय भांडण हाय? त्येनं बोलाय पायजे." मी म्हटलं, तो माणूस मरेल पण बोलणार नाही. रावसाहेबांनी डोळे पुसले. मिरचीने पाणी आलं म्हणाले. उभा जन्म पेठेत काढलेल्या माणसाच्या डोळ्याला मिरचीने पाणी येत नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

ते आले आठवड्याच्या शेवटच्या दिवशी, दुपारी. इस्पितळाच्या मागच्या बाजूला एक मोकळा व्हरांडा आहे, तिथे पेशंटला मास्क लावून बसता येतं. शेठ बाकावर होते, मी पलीकडे संत्रं सोलत होते. रावसाहेब आले, त्यांनीही मास्क लावला होता. काही न बोलता शेठच्या समोर स्टूल ओढून बसले आणि खांद्यावरचा टॉवेल काढून दोघांच्या गुडघ्यांवर पसरला. मग आपला उजवा हात त्यांनी टॉवेलाखाली घातला आणि वाट बघत राहिले.

शेठनी थोडा वेळ व्हरांड्याच्या जाळीकडे बघितलं. मग त्यांचाही हात हळूहळू खाली गेला. आमच्या पेठेत समोरच्याने टॉवेल पसरला तर हात न घालणं हा मोठा अपमान असतो, आणि शेठ काहीही करतील पण पेठेची रीत मोडणार नाहीत. हे रावसाहेबांना बरोबर ठाऊक होतं.

टॉवेल हलायला लागला. रावसाहेबांनी काहीतरी दाबलं, शेठनी मान हलवली. शेठनी दाबलं, रावसाहेबांनी मान हलवली. पुन्हा तेच. मी संत्रं सोडून बघत राहिले. दोघांच्या कपाळावर घाम आला होता. शेवटी न राहवून मी शेठना विचारलं, काय मागताहेत भाऊजी.

"पैला नंबर मागतोय," शेठ म्हणाले. "म्हशीला."

"मग द्या की."

"म्हस दुसऱ्या नंबराचीच हुती. तोरण खाल्लं तिनं."

मी आयुष्यात वर्गातल्या मुलांवरसुद्धा इतकी ओरडले नसेन. मी म्हटलं, तुमच्या छातीत दोन दोन रोग बसलेत, समोर देवासारखा माणूस येऊन बसलाय, आणि तुम्ही म्हशीच्या नंबरावर घासाघीस करताय. हा टॉवेल आधी इकडे द्या. आणि मी तो खसकन ओढला. बाईने सौद्याचा टॉवेल ओढल्याचं आमच्या पेठेत कोणी ऐकलं नसेल.

टॉवेलाबरोबर रावसाहेबांची बाहीही वर सरकली. कोपराच्या आतल्या बाजूला कापूस लावून पट्टी चिकटवलेली होती. ताजी. दुसऱ्या हाताच्या बाहीखालीही तशीच पट्टी दिसत होती. मिरजेत इतके दिवस काढल्यावर त्या पट्ट्या कशाच्या ते मला कळत होतं. एका हातातून रक्त काढायचं, यंत्रातून फिरवून हव्या त्या पेशी वेगळ्या करायच्या, उरलेलं दुसऱ्या हातातून परत द्यायचं. त्याला तीनचार तास लागतात. हा माणूस सकाळपासून इथेच होता, न मागता सगळं देऊन मोकळा झाला होता, आणि आता इथे येऊन म्हशीवरून भांडत बसला होता.

शेठ माझ्याकडे रागाने बघत होते, त्यामुळे त्यांना काही दिसलं नाही. रावसाहेबांनी बाही खाली ओढली आणि मास्कच्या वरून माझ्याकडे बघून पापणी लववली. गप बसा, असा त्याचा अर्थ होता. मी टॉवेल परत त्यांच्या गुडघ्यांवर टाकला आणि गप बसले. मला तेवढ्यात समजलं होतं, की ह्यांना नंबर नको होता. ह्यांना शेठचा आवाज ऐकायचा होता.

शेठना खोकल्याची उबळ आली, ती लवकर थांबेना. रावसाहेबांनी टॉवेलाखाली धरलेला हात सोडला नाही. उबळ गेल्यावर शेठ मान खाली घालून बसले होते. मग अगदी बारीक आवाजात, दर शब्दाला थांबत त्यांनी सांगितलं.

"रावसाहेब. दे बाबा. मला... अजून जगायचं हाय."

रावसाहेबांचा मास्क ओला झाला होता.

"एवढं बोलाय धा वर्सं लावलीस व्हय," ते म्हणाले. "घे. पर म्हशीचं ऱ्हायलंय आपलं."

"दुसराच नंबर," शेठ म्हणाले, आणि रडायला लागले. रावसाहेबही रडले. मी आधीपासून रडतच होते. संत्र्याच्या फोडी तिघांनी खाल्ल्या, मास्क वर-खाली करत, आणि नर्स येऊन आम्हाला रागावली.

पट्ट्यांचं मी शेठना अजून सांगितलेलं नाही. मागितलं म्हणून मिळालं, असं त्यांना वाटतं, आणि त्यांच्यासाठी ते चांगलं आहे. हल्ली ते मलाही चहा मागतात, जवळ बस म्हणतात.

पेशी तयार होऊन आल्या, एका लहानशा पिशवीतून, आणि तासाभरात अंगात गेल्या. पुढचे काही दिवस वाईट गेले, ताप चढला, डॉक्टर सारख्या येऊन बघत होत्या. मग उतरला. पहिल्या फोटोत गाठ तेवढीच होती, दुसऱ्यात लहान झाली, तिसऱ्यात डॉ. मुजावरांनी पेन्सिलीने दाखवली तेव्हा मला ती आधी दिसलीच नाही. टीबीचं कुंपण जागच्या जागी होतं, गोळ्या आपलं काम करत होत्या. डॉक्टर म्हणाल्या की तपासण्या अजून पुष्कळ दिवस चालतील, आताच कोणी पेढे वाटू नका. रावसाहेबांनी त्याच संध्याकाळी सगळ्या पेठेत वाटले.

फायदा असा झाला, की टीबी म्हटल्यावर शेठपासून चार हात लांब पळतील असं ज्यांच्याबद्दल वाटलं होतं, ते आता आपापले आकडे सांगत फिरतात. आमचे मुनीम एकसष्ट, हमालांतला एकजण पंचावन्न. बाहेरगावच्या एका बाईला तोच जंतू आणि तसलाच जोड आजार निघाला, तोवर मुनीमांच्या गोळ्या संपून पेशी पुन्हा तरतरीत झाल्या होत्या, म्हणून ते मिरजेला जाऊन तिला पेशी देऊन आले आणि आता स्वतःला दानशूर समजतात. आणि पेठेतले सगळे खोकणारे झाडून तपासून घेतात. रुमालावर लाल दिसलं तर आधी बायकोला दाखवतात.

तोटा म्हणजे रावसाहेब. आपल्या पेशी शेठच्या छातीत आहेत म्हणजे छातीवर आपला हक्क आहे, असं त्यांनी ठरवून टाकलं आहे. शेठनी काय खावं, कधी झोपावं, गोदामात जावं की नाही, सगळं ते सांगतात. परवा शेठ मास्क न लावता मिरचीच्या पोत्यांजवळ गेले, ते रावसाहेबांनी आपल्या दुकानातून पाहिलं आणि भर रस्त्यात सगळ्यांसमोर ते शेठना बोलले. मी तेव्हा शेठचा डबा घेऊन आले होते, दुकानाच्या पायरीशी उभी होते.

शेठ वळले. कमरेवर हात ठेवले आणि रस्त्याच्या ह्या बाजूने त्या बाजूला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "तुझ्या चार पेशी घेतल्या म्हंजे काय मी तुझी म्हस झालो व्हय रं, तू हाक मारायची आन्‌ मी पळायचं, माझी छाती, माझं गोदाम, माझी मिरची, मला काय कराय पायजे ते मी बघीन, तू आधी तुझ्या दुकानातली ती भिजलेली पोती उनात घाल, लोकं हसाय लागल्यात!"

सबंध एका दमात. सगळी पेठ हसली. रावसाहेब उत्तराची जुळवाजुळव करत होते. मी सवयीने डबा खाली ठेवला, पदराआडून पाण्याची बाटली काढली आणि आता खोकला येईल म्हणून पुढे झाले. शेठ तिथेच उभे होते, छाती काढून, रावसाहेबांच्या उत्तराची वाट बघत.

खोकला आला नाही.